कुंभिवलीच्या फ्लेक्सवरची जपानी मुलगी

तुमच्या गावच्या नाक्यावर आत्ता ज्या माणसाचा फोटो लटकतो आहे, त्याने असं काय केलं म्हणून तो लटकतो आहे, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंत का?

विचारलं नसेल. मीही विचारत नाही, आणि ते फोटो तर मीच बनवते. खोपोलीत शिळफाट्याला आमचं फ्लेक्सचं दुकान आहे. आमचं म्हणजे बबनकाकांचं मशीन आणि माझा कॉम्प्युटर. बबनकाका आधी पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आल्यावर त्यांच्या ब्रशांना कुणी विचारेना, तेव्हा त्यांनी मशीन घेतलं, आणि मशीनला कॉम्प्युटर लागतो म्हणून मला घेतलं.

माझे बाबा रसायनीला केमिकलच्या कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. शाळेच्या पुस्तकाआधी मी पत्रकांवर वाचायला शिकले. मी वाचलेलं पहिलं जोडाक्षर 'व्यवस्थापनाचा निषेध'मधलं होतं. बाबांचा नियम होता, पत्रकाच्या शेवटी माणसाला काहीतरी करायला सांगायचं. नुसतं वाचून झालं की तो त्या कागदात भजी बांधतो. अशा घरातली मुलगी दिवसभर 'भावी सरपंच' ही अक्षरं सोनेरी करत बसते, याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा. मी पोट भरणं म्हणते.

बाहेरच्यांना वाटतं, फ्लेक्स म्हणजे फोटो टाकला की झालं. गिऱ्हाईक येतं ते मोबाइल पुढे करत. फोटो कुणाच्या तरी लग्नातला असतो आणि हातात आइस्क्रीमची वाटी असते. ती वाटी काढायची. मागचे जेवणारे वऱ्हाडी काढायचे. रंग दोन घरं उजळ करायचा, पोट एक घर आत घ्यायचं आणि मागे वाघ सोडायचा. एकाने मला सांगितलं होतं, वाघ माझ्याकडं बघत नको, लोकांकडं बघत पायजे. पण खरं नाजूक काम खालच्या ओळीचं, शुभेच्छुकांचं. तिथे कुणाचा चेहरा शेजाऱ्यापेक्षा करंगळीभर मोठा झाला, किंवा दोरी ओवायची रिंग कुणाच्या कपाळात ठोकली गेली, की गावात दोन गट पडतात.

दोन भावांचं सांगते. धाकट्याचा वाढदिवस होता आणि थोरल्याशी शेताच्या बांधावरून बोलणं बंद होतं. बरा फोटो एकच होता, त्यात दोघे. "त्याला काढ," धाकटा म्हणाला. मी काढला. पण थोरल्याचा हात याच्या खांद्यावर होता, बोटांत अंगठ्या, आणि हात काढायला गेलं की याचा खांदा फाटत होता. शेवटी हात राहिला. फ्लेक्स लागला आणि अख्खा नाका विचारू लागला, हा हात कुणाचा? तिसऱ्या दिवशी थोरला स्वतः दुकानात.

"हात माझा हाय," तो म्हणाला. "एक तर हात काढ, नायतर मला पुरा घाल."

मी पुरा घातला. धाकट्याने पैसे मोजले. आता दोघांचा एकच फ्लेक्स होतो. त्यांच्या समेटाचं श्रेय कुठल्याही पुढाऱ्याने घेऊ नये, त्या हाताचं आहे.

बबनकाका असल्या भानगडीत पडत नाहीत. त्यांचा धंद्याचा एकच नियम आहे: जित्या माणसाचा फोटो उलटा लावायचा नाही. तोही आकाशातून पडलेला नाही. बाबांच्या मोर्च्यांसाठी मॅनेजरची चित्रं बबनकाकाच रंगवायचे आणि ती काठीला उलटी बांधली जायची. आमच्याकडे फोटो उलटा म्हणजे निषेध, हे लहान पोरालाही कळतं. उलट्या फोटोला चपला बसतात. म्हणून फ्लेक्स दोरीला बांधताना काका दहा वेळा बघतात, डोकं वर आहे ना.

आता जपानी मुलीकडे येते.

पाताळगंगेच्या पट्ट्यात एक जपानी कंपनी आली, मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या करणारी. तिच्या जाहिरातीत चिहारू नावाची एक जिम्नॅस्ट असायची. वय विशीच्या आत. ती पाठ मागे वाकवून स्वतःच्या घोट्याला हात लावायची आणि खाली अक्षरं यायची, एवढं वळूनही आवाज नाही. तिच्या देशात ती चहाच्या डब्यांवर होती, बसगाड्यांवर होती, रेल्वे स्टेशनांवर पुरुषभर उंचीची होती. मग एका मोठ्या स्पर्धेत ती बीमवरून पडली. बीम म्हणजे छातीएवढ्या उंचीवरची लांब पट्टी, तळहाताएवढी रुंद. त्यावर चालायचं, उड्या मारायच्या, कोलांट्या घ्यायच्या आणि वर चेहरा हसरा ठेवायचा. ती पडली आणि ज्यांनी तिला डब्यांवर चढवलं होतं तेच तिला शिव्या घालू लागले. पोस्टर उतरली. बिजागरीवाल्यांनी मात्र तिला ठेवलं, आणि थोडे दिवस तोंडासमोरून दूर असलेली बरी म्हणून एका उद्घाटनाला भारतात पाठवायचं ठरवलं.

उद्घाटन होतं हायवेवरच्या कुंभिवली गावातल्या जिम्नॅस्टिक्स हॉलचं. पैसा कंपनीचा, जागा बाळाशेठची. बाळाशेठ म्हणजे टेंपोंचे मालक आणि आमच्या दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांचा वाढदिवस वर्षातून दोनदा येतो, एकदा तारखेने, एकदा तिथीने. कंपनीची अट एकच होती, संध्याकाळी हॉल मुलींच्या सरावासाठी उघडा राहिला पाहिजे. त्या मुली सुगंधाबाईंच्या. बाई शाळेत पीटी शिकवतात आणि गावातल्या, वरच्या ठाकरवाडीतल्या मुलींना मैदानात पेंढा भरलेल्या पोत्यांवर कोलांट्या शिकवत होत्या. हॉल बांधताना त्या रोज एकच गोष्ट विचारायच्या, किल्ली कुणाकडे राहणार? बाळाशेठ रोज म्हणायचे, "बाई, आदी दार तर लागू द्या."

स्वागताच्या फ्लेक्ससाठी कंपनीने फोटो पाठवला. चिहारू बीमवर दोन्ही हातांवर उभी, अंग सळईसारखं सरळ, पायाचे अंगठे आभाळाकडे, केसांची शेंडी खाली लोंबती. मी डिझाइन केलं. मधोमध ती आणि तिचा बीम, वरती 'हार्दिक स्वागत', खाली शुभेच्छुकांची ओळ, ओळीच्या मध्यावर बाळाशेठ. ते सुगंधाबाईंना घेऊन बघायला आले.

"ताई, ही उलटी का हाय?"

"ती हातांवर उभी आहे."

"ते दिसतंय. पन पाव्हनी बाई हाय. सरळ उबी असलेला फोटू नाय का तिचा?"

"शेठ, हेच तिचं काम आहे. तुमचा फोटो टेंपोशेजारी घेतो, तसा तिचा हातांवर."

"मी टेंपोखाली झोपून काडलेला देतो का?"

यावर मी त्यांना श्रम, कौशल्य आणि स्त्रीचं शरीर या विषयावर बरंच ऐकवलं. शेवटी ते हात जोडून म्हणाले, "लावा उलटी, पन भाषण थांबवा." सुगंधाबाई माझ्याकडे बघून हसल्या. मी फाइल बबनकाकांकडे दिली आणि कर्जतला मावसबहिणीच्या साखरपुड्याला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी कर्जतहून थेट कुंभिवलीला पोचले. हायवेवर गर्दी, ढोल, शाळेच्या पोरी ओळीत. वर बघितलं आणि हातातली साखरपुड्याच्या लाडवांची पिशवी खाली गेली.

चिहारू सरळ उभी होती. बबनकाकांनी तिला बीमसकट फिरवली होती. बीम आता तिच्या डोक्यावर होता आणि तो ती दोन्ही हातांनी उचलून धरत होती, गाडीखालून कुणाला तरी काढायचं असल्यासारखी. शेंडी ताठ आभाळाकडे. आणि पायाचे अंगठे बरोबर खालच्या ओळीच्या मध्यावर, बाळाशेठच्या डोक्यावर.

"काका, हे काय?"

"घाईत तू पोरीला उलटी लावलेलीस," बबनकाका हळूच म्हणाले. "पाव्हनी एवड्या लांबनं येनार. तिचा निषेध केल्यागत दिसलं असतं. मी सरळ केली. तुज्या साखरपुड्यात कशाला इचारायचं म्हनून इचारलं नाय."

"ती उलटीच होती."

"मंग तिला कुनी उलटी केली?"

"तिची तीच झाली."

काकांनी फ्लेक्सकडे बघितलं. मग माझ्याकडे. "केस जरा वर ऱ्हायले खरं," ते म्हणाले. "मला वाटलं, तिकडची फॅशन आसल."

बाळाशेठ खूश होते. "आता कशी मानसात आली," ते म्हणाले. पाय कुठे आहेत ते अजून त्यांनी पाहिलं नव्हतं.

उतरवायला वेळच नव्हता. गाडी आली. चिहारू उतरली, एवढीशी, आमच्या सातवीतल्या पोरींच्या उंचीची. बरोबर तिच्या कोच बाई आणि पुण्याचा एक दुभाष्या. चेहऱ्यावर जाहिरातीतलं हसू, कपड्याला पिन लावावी तसं लावलेलं. तिने वर बघितलं. ढोल थांबला. कोच बाईंनी ओठ आवळले, दुभाष्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कारखानाच जाळला आहे.

चिहारूने मान डावीकडे वाकवली. मग उजवीकडे. मग जॅकेट काढून दुभाष्याच्या हातात दिलं, रस्त्याच्या कडेच्या पेव्हर ब्लॉकवर हात टेकले आणि पाय वर घेऊन हातांवर उभी राहिली. शेंडी खाली. तशीच फ्लेक्सकडे बघत राहिली आणि हसायला लागली. पिन कुठल्या कुठे गेली. हसता हसता तोल गेला आणि ती मागच्या हाराच्या टेबलावर बसली, झेंडूसकट.

"हे कुणी केलं, विचारताहेत," दुभाष्या म्हणाला.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बबनकाका पुढे झाले. "मी. तिला म्हनावं, चुकलं आसंल तर माफी आसावी. आमच्यात जित्या मानसाला उलटं टांगत नाय."

दुभाष्याने ते सांगितलं. ती ऐकून घेत राहिली, मग काहीतरी म्हणाली. दुभाष्या घसा साफ करून म्हणाला, "त्या म्हणतात, मी पडले तेव्हा माझ्या देशात सगळे ओरडले. इथे मी पडायच्या आधीच कुणीतरी मला धरून सरळ केलं."

"जेवून जा म्हनावं," काका म्हणाले.

ती जेवली. त्याआधी कोच बाईंनी एक फोटो काढला होता, वर सरळ केलेली चिहारू आणि खाली हातांवर उलटी चिहारू. तो फोटो चिहारूने स्वतः इंटरनेटवर टाकला. पुढचं सुगंधाबाईंनी मला मोबाइलवर दाखवलं. जपानातली पोरं शेंडीला तार लावून ती उभी करत होती. बीम उचललेल्या चिहारूचे स्टिकर निघाले, बनियन निघाले. ज्यांनी तिला शिव्या घातल्या होत्या, ते लिहीत होते की ही आमचीच मुलगी. बनियनवर, तिच्या पायांखाली, अर्धा बाळाशेठसुद्धा होता. मिशीपासून वरचा.

मला सांगा, हिने काय केलं म्हणून ती परत लाडकी झाली? बीमवर ती आधीइतकीच चांगली होती. आधी एकदा पडली, नंतर एकदा हसली. मी तत्त्वाने या प्रकाराचा निषेध करते. पण त्याच प्रकाराने पुढे जे झालं, त्याचा निषेध करताना माझी जीभ अडखळते.

कारण हॉलचं काय झालं होतं ते ऐका. पाहुणी गेली त्याच आठवड्यात दाराला कुलूप लागलं आणि किल्ली बाळाशेठच्या करगोट्याला. मग हळदी सुरू झाल्या. मॅटवर पंगती बसू लागल्या. बीमवर ओल्या साड्या, बारला माळा आणि स्पीकर, आणि उडी घ्यायच्या घोड्यावर नवरदेव. खरंच सांगते, घोडा म्हटल्यावर नवरदेव त्यावर बसवायचा असतो, अशीच हळदीच्या मंडळींची समजूत झाली. सुगंधाबाई पुन्हा मैदानात, पोत्यांवर. बाई किल्ली मागायला गेल्या की शेठ म्हणायचे, "देतो की. एवडं लगीन जाऊ द्या."

एका दुपारी हायवेवर एक टॅक्सी थांबली. दोन जपानी बायका उतरल्या, पन्नाशीच्या, अंगात तोच बनियन. त्यांना तो फ्लेक्स बघायचा होता. फ्लेक्सखाली शेंड्या वर धरून फोटो काढले, मग खुणांनी विचारलं, हॉल? मुली? कुणीतरी त्यांना आत नेलं. आत हळद चालू होती. बायकांनाही हळद लागली, हातात जिलबी आली आणि घोड्यावरच्या नवरदेवाबरोबर फोटो निघाला. त्यांनीही तो टाकला. खाली लिहिलं, फार प्रेमळ माणसं, पण मुली कुठे आहेत?

मुली कुठे आहेत? आमच्या सुगंधाबाईंनी वर्षभर विचारलं तर कुणी मान वर केली नाही. जपानातून विचारल्यावर कंपनीचा मोठा साहेब दोन दिवसांत कुंभिवलीत. बाळाशेठनी करगोट्याची किल्ली काढून बाईंच्या हातात ठेवली, तीही फोटो काढून. त्या आठवड्यात मी त्यांच्यासाठी फ्लेक्स केला, 'ग्रामीण जिम्नॅस्टिक्सचे जनक'. वाघ त्यांनी स्वतःहून नको सांगितला. आधीच्या फ्लेक्सवर पाय कुठे होते, ते एव्हाना बनियनवर दिसलं होतं. "डोक्यावर कायपन नको," एवढंच ते म्हणाले.

सराव सुरू झाला. दर पंधरवड्याला कुणीतरी परदेशी पाहुणा टपकायचा, त्या धाकाने दार रोज उघडायचं. ठाकरवाडीची वनिता बीमवर चालायला लागली, मग वळायला, मग हातांवर उभी राहायला. बबनकाका दुकान मला सोपवून बघायला जाऊ लागले. भिंतीला टेकून बसायचे आणि पोरगी उलटी झाली की गुडघे घट्ट धरून पुटपुटायचे, "हो गं आता सरळ. लय झालं." सुगंधाबाईंनी त्यांना दोनदा बाहेर काढलं. वनिता म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. आजोबा घाबरले का मला भीती वाटत नाय."

आता यंदाचं. चिहारूचा खांदा दुखावला. तिच्या जागी तिकडे चौदा वर्षांची एक नवी मुलगी आली आहे, डब्यांवर आणि बसगाड्यांवर आता ती आहे. बनियनवाल्या बायका येत नाहीत. आमच्या हायवेवरच्या फ्लेक्सचं उन्हात जे होतं तेच झालं, लाल उडाला, पिवळा उडाला, निळी चिहारू निळ्या बाळाशेठवर उभी होती आणि एका सकाळी तीही कुणीतरी भाताची रास झाकायला नेली. गेल्या महिन्यात बाळाशेठ हॉलवर आले आणि सुगंधाबाईंना म्हणाले, "बाई, तुळशीच्या लग्नानंतर सीझन हाय. किल्ली माज्याकडं द्या. पोरी काय, मैदानातबी उड्या मारत्यात."

वनिताची जिल्ह्याची स्पर्धा हिवाळ्यात आहे. बीम मैदानात नेता येत नाही. पोत्यांवर हातांवर उभं राहून बीमवर उभं राहता येत नाही, हे बाळाशेठना मी पुन्हा भाषण देऊन सांगितलं. त्यांनी पुन्हा हात जोडले. या वेळी ऐकलं नाही.

हे मी त्यांच्या पाठीमागे लिहीत नाही. याच दिवाळी अंकात पुढे त्यांची पानभर जाहिरात आहे आणि तिचं डिझाइनही माझंच आहे.

परवा मी वनिताचा फोटो कॉम्प्युटरवर घेतला. बीमवर, दोन्ही हातांवर, वेणी खाली. वर वाघ नाही, खाली कुणाचीही ओळ नाही, फक्त तिचं नाव आणि 'सराव रोज संध्याकाळी'. फाइल घेऊन बबनकाकांकडे गेले आणि मशीनपाशीच उभी राहिले. या वेळी मी कुठल्याही साखरपुड्याला जाणार नव्हते.

काकांनी फोटोवर बोट ठेवलं.

"उलटीच?"

"उलटीच."

"जिती हाय ती."

"म्हणूनच."

त्यांनी चष्मा पुसला, बटण दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी जित्या माणसाचा फोटो उलटा छापला. पाय आधी बाहेर आले, मग कंबर, मग चेहरा. रिंगा त्यांनी स्वतः ठोकल्या, दोरी स्वतः ओवली आणि जुन्या फ्लेक्सच्या जागी, हायवेवर, शिडीवर चढून बांधला. खाली उतरून दहा वेळा बघितलं, डोकं खाली आहे ना.

आता बाबांच्या नियमाप्रमाणे. तुळशीच्या लग्नाला अजून दिवस आहेत. तुम्ही खोपोलीहून पनवेलला जाल, कर्जतहून रसायनीला जाल, भाऊबीजेला बहिणीकडे जाल. कुंभिवलीला एक मुलगी उलटी दिसेल. फ्लेक्स चुकून उलटा लागला असं वाटलं तरी त्याला हात लावू नका. गाडी कडेला घ्या, शाळेच्या मागे हॉल आहे तिथवर चालत या आणि दारात जो कुणी असेल त्याला तेवढंच विचारा, जे त्या दोन बायकांनी विचारलं होतं: मुली कुठे आहेत? त्या जपानहून आल्या होत्या. तुम्हाला फक्त रस्ता ओलांडायचा आहे.